अंतराचा फिल्टर इतर फिल्टरांबरोबर लावला की निकाल का बिघडतात: वारंवार येणाऱ्या एका तक्रारीचे निवारण

पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासिका शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाची देखभाल मी गेली काही वर्षे करतो आहे. नोंदी राज्यभरातल्या असल्या तरी बहुतेक शोध पेठांमधूनच होतात. एके सकाळी संकेतस्थळाच्या चालकांचा फोन आला. एका विद्यार्थिनीने सदाशिव पेठेपासून तीन किलोमीटरच्या आत, मुलींसाठी स्वतंत्र कक्ष असलेली किंवा चोवीस तास उघडी असणारी अभ्यासिका शोधली होती आणि तिला तिसऱ्या क्रमांकावर लातूरची अभ्यासिका दिसली होती. "तीन किलोमीटरमध्ये लातूर कसं काय बसलं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी चूक दुरुस्त केली, मात्र दोन-तीन महिन्यांनी तक्रार वेगळ्या रूपात परत आली. कधी निकालच रिकामा, कधी पहिले पान भरलेले आणि दुसरे कोरे, कधी एकच अभ्यासिका तीनदा. नुसता अंतराचा फिल्टर लावला तर सगळे ठीक, नुसते इतर फिल्टर लावले तरी ठीक, आणि दोन्ही एकत्र आले की घोटाळा, एवढे मात्र प्रत्येक वेळी सारखे होते.

या सगळ्या दुरुस्त्या एका वहीत लिहून काढल्यावर लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक वेळी अंतराची अट इतर अटींच्या पंगतीत बसलेली नव्हती. ती एक तर कंसाबाहेर होती, किंवा वेगळ्या एककात होती, किंवा निकालांची संख्या आधीच छाटून झाल्यावर तपासली जात होती. खाली त्या वहीतलीच माहिती थोडी नीट मांडून दिली आहे.

आगंतुक कोण आला ते आधी पाहा

कोडला हात लावण्यापूर्वी चुकून आलेली नोंद कुठली आहे ते नकाशावर पाहावे, कारण ती नोंदच बहुतेक वेळा कारण सांगते. लातूर सदाशिव पेठेपासून सरळ रेषेत सुमारे २८५ किलोमीटरवर आहे, पण अंशांत मोजले तर हा फरक तीनपेक्षा कमी भरतो, कारण पुण्याचा रेखांश ७३.८५ च्या आसपास आहे आणि लातूरचा ७६.५६ च्या आसपास. नांदेड मात्र पुण्यापासून साडेतीन अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे निकालात लातूर, नाशिक, कोल्हापूर येत असतील आणि नांदेड, नागपूर येत नसतील, तर अंतराची अट चालू आहे, पण तुमचे "तीन" डेटाबेसने किलोमीटर न समजता अंश समजून घेतले आहेत. नांदेड आणि नागपूरही येत असतील, तर अंतराची अट त्या नोंदींना लागूच झालेली नाही.

आमच्याकडे त्या सकाळी नागपूरही आले होते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारला जाणारा प्रश्न, अशी जुळवली जात होती: अंतर तीनपेक्षा कमी, अँड (आणि) मुलींचा कक्ष आहे, ऑर (किंवा) चोवीस तास उघडी. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, अँडची पकड ऑरपेक्षा घट्ट असते. त्यामुळे डेटाबेसने पहिल्या दोन अटी एकत्र बांधल्या आणि "चोवीस तास उघडी" ही अट एकटी मोकळी सोडली. परिणामी राज्यातली चोवीस तास उघडी असणारी प्रत्येक अभ्यासिका तीन किलोमीटरच्या निकालात शिरली, आणि क्रम नव्या नोंदी आधी असा असल्यामुळे नुकतीच नोंदवलेली लातूरची अभ्यासिका वर आली. इलाज एका कंसाचा आहे. ऑरने जोडलेल्या सगळ्या अटी एका कंसात घ्याव्यात आणि तो कंस अँडने अंतराच्या अटीला जोडावा. चाचणी करताना ही चूक सहसा निसटते, कारण आपण प्रत्येक फिल्टर एकेकटा लावून पाहतो आणि एकट्या फिल्टरला कंस लागत नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीत मेटा-क्वेरी (नोंदींच्या जादा माहितीवर अटी लावण्याची सोय) आपले कंस स्वतः घालते, पण अंतराची अट आपण बाहेरून मजकूर म्हणून चिकटवत असू तर त्या मजकुराभोवतीचा कंस आपणच द्यायचा असतो.

अंश समजला जाण्याची चूक पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नकाशाविषयक जोडणीत) स्तंभाचा प्रकार जॉमेट्री (सपाट पृष्ठभागावरचे बिंदू) ठेवला आणि ४३२६ ही अक्षांश-रेखांशांची संदर्भ प्रणाली वापरली की होते. अमुक अंतराच्या आत आहे का ते पाहणाऱ्या एसटी-डीविदिन या फंक्शनला मग त्रिज्या अंशांतच समजते. स्तंभ जिऑग्राफी (पृथ्वीच्या गोलावरचे बिंदू) प्रकारचा केला की तेच फंक्शन मीटरमध्ये बोलू लागते, आणि तेव्हा "तीन" तसेच ठेवले तर तीन मीटरच्या आतली अभ्यासिका शोधली जाते, म्हणजे निकाल रिकामा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही संदर्भ प्रणाली न दिलेल्या बिंदूंवर एसटी-डिस्टन्स वापरले तर उत्तर अंशांत येते आणि एसटी-डिस्टन्स-स्फिअर वापरले तर मीटरमध्ये. सूत्र हाताने लिहिले असेल तर त्यातला पृथ्वीच्या त्रिज्येचा आकडा पाहावा. ६३७१ असेल तर उत्तर किलोमीटरमध्ये येते, ३९५९ असेल तर मैलांत. कुठून तरी उचललेल्या सूत्रात ३९५९ सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यात पाचची त्रिज्या दिली की प्रत्यक्षात आठ किलोमीटरपर्यंतच्या नोंदी येतात. हा फरक इतका लहान आहे की तक्रार येत नाही, फक्त विद्यार्थ्यांची पायपीट वाढते.

एक आगंतुक मात्र मला बराच वेळ कोड्यात टाकून गेला. एका बदलानंतर तीन किलोमीटरच्या निकालात कात्रजच्या अभ्यासिका येऊ लागल्या, तर कोथरूड आणि खराडी आपापल्या जागी बरोबर होते. कात्रज पेठांपासून दक्षिणेला सरळ रेषेत सहा-साडेसहा किलोमीटरवर आहे आणि ते पडद्यावर दोन किलोमीटरच्याही आत दिसत होते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली होती, तीही नोंदींमध्ये आणि शोधाच्या बिंदूमध्ये अशी दोन्हीकडे, त्यामुळे निकाल येत होते. डेटाबेसच्या हिशेबी पुणे ७३.८५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात बेअर बेटाच्या दक्षिणेला वसले होते. तिथे रेखांशाचा एक अंश जेमतेम ३१ किलोमीटरचा असतो, तर पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटरचा. त्यामुळे खरे दक्षिणोत्तर अंतर पाव होऊन दिसते आणि पूर्व-पश्चिम अंतर जवळपास तसेच राहते. अदलाबदल एकाच बाजूला झाली असती तर निकाल रिकामा आला असता आणि चूक पाच मिनिटांत सापडली असती. क्रमाचा हा गोंधळ साधनांच्या वेगवेगळ्या रीतींमुळे होतो. जिओजेसन (नकाशाची माहिती साठवण्याची एक रचना) आणि पोस्टजीआयएस रेखांश आधी घेतात, गूगल मॅप्सवरून उचललेल्या जोडीत अक्षांश आधी असतो, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये ४३२६ प्रणालीतला बिंदू मजकुरातून वाचताना अक्षांश आधी धरला जातो. इलास्टिकसर्च या शोधयंत्रात तर एकाच रकान्याला मजकूर दिला तर अक्षांश आधी आणि ॲरे (आकड्यांची यादी) दिला तर रेखांश आधी असा नियम आहे.

निकाल रिकामा येतो तेव्हा

रिकाम्या निकालाचे पहिले कारण मी नेहमी साठवणीत शोधतो. वर्डप्रेसच्या पोस्टमेटा या जादा माहितीच्या तक्त्यात प्रत्येक किंमत मजकूर म्हणून साठवली जाते, मग ती मासिक शुल्काची असो की अक्षांशाची. मजकूर म्हणून तुलना केली की "९००" हे "१५००" पेक्षा मोठे ठरते, कारण पहिलाच अंक मोठा आहे. परिणामी "शुल्क १५०० पर्यंत" हा फिल्टर लावल्यावर नऊशे रुपयांच्या अभ्यासिका गायब होतात. राज्यभरातल्या शोधात हे कळत नाही, कारण इतर नोंदी भरपूर असतात, पण तीन किलोमीटरची अट जोडली की उरलेल्या मोजक्या नोंदींतल्या बहुतेक निघून जातात आणि खापर अंतराच्या फिल्टरवर फुटते. शुल्कासाठी मेटा-क्वेरीत प्रकार न्यूमेरिक द्यावा.

अक्षांश-रेखांशासाठी न्यूमेरिक चालत नाही, कारण तो पूर्णांक करतो, हे लक्षात आल्यावर माझ्या आधीच्या कोणी तरी प्रकार डेसिमल दिला होता. दिसायला ते अगदी योग्य आहे. पण मायएसक्यूएलमध्ये डेसिमल असे नुसते लिहिले तर दशांश स्थळे शून्य धरली जातात. त्यामुळे ७३.८५ चे ७४ होतात, आणि अक्षांश १८.५ च्या वर असेल तर १९, खाली असेल तर १८. पुणे शहर या एका रेषेवर दुभंगले. सदाशिव पेठेच्या सगळ्या अभ्यासिका मंचरजवळ जाऊन बसल्या आणि कात्रज-धनकवडीच्या वाईजवळ. हे लक्षात यायचे कारण असे की त्रिज्या शंभर किलोमीटर करून पाहिली तेव्हा पुण्यातल्या सगळ्या निकालांपुढे अंतराचे दोनच आकडे होते, सुमारे ५७ आणि सुमारे ५९. प्रकार डेसिमल (१०,६) असा पूर्ण लिहिला की सहा दशांश स्थळे टिकतात आणि सगळे आपापल्या पेठेत परततात.

आता एक खास आपल्याकडची अडचण. नोंदी भरणाऱ्या मुलाच्या संगणकावर मराठी कळफलक चालू होता आणि त्याने काही अभ्यासिकांचे शुल्क आणि अक्षांश-रेखांश देवनागरी अंकांत भरले. माणसाला ते नीट वाचता येतात, पण मायएसक्यूएल अशा मजकुराचे संख्येत रूपांतर करताना शून्य देतो. शुल्क शून्य झाल्याने त्या अभ्यासिका स्वस्ताच्या प्रत्येक शोधात पहिल्या येऊ लागल्या, आणि अक्षांश-रेखांशही शून्य झाले असतील तर त्या थेट गिनीच्या आखातात, पुण्यापासून सुमारे ८,३०० किलोमीटरवर पोहोचल्या. म्हणजे नुसत्या शुल्काच्या फिल्टरमध्ये त्या अग्रभागी आणि अंतर जोडताच नाहीशा. आता अर्ज साठवण्यापूर्वीच देवनागरी अंक बदलून घेतले जातात, आणि अक्षांश ८ ते ३७ व रेखांश ६८ ते ९८ या मर्यादांबाहेर गेला तर नोंद स्वीकारली जात नाही. याच मर्यादेमुळे अदलाबदल झालेली जोडीही दारातच अडते.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे शोधाच्या बिंदूवरचीच नोंद न दिसणे. एखाद्या अभ्यासिकेच्या पानावर "जवळच्या इतर अभ्यासिका" दाखवताना त्याच इमारतीतली, अगदी त्याच बिंदूवर नोंदवलेली दुसरी अभ्यासिका कधी कधी येत नसे. अंतराचे सूत्र कोसाइनच्या नियमावर आधारलेले होते. त्यात शेवटी आर्ककोसाइन घेतला जातो आणि दोन बिंदू एकच असतील तर कंसातली संख्या नेमकी एक यायला हवी. संगणकी दशांश गणितात ती कधी कधी एकापेक्षा किंचित जास्त येते. मायएसक्यूएल अशा वेळी उत्तर नल (किंमतच नाही) असे देतो, आणि नलची कशाशीही तुलना खरी ठरत नसल्याने ती नोंद मुकाट्याने गळते. पोस्टग्रेस याच ठिकाणी सरळ त्रुटी दाखवतो, जे मला अधिक प्रामाणिक वाटते. कंसातल्या संख्येला लीस्ट या फंक्शनने एकची कमाल मर्यादा घालावी किंवा हॅवर्साइन हे गोलावरचे अंतर काढण्याचे दुसरे सूत्र वापरावे.

पहिले पान भरलेले, दुसरे कोरे

आमच्या कोडच्या एका जुन्या आवृत्तीत डेटाबेसकडून सर्वांत जवळच्या पन्नास अभ्यासिका आणल्या जात आणि मग पीएचपीमध्ये (संकेतस्थळाच्या कोडमध्ये) मुलींचा कक्ष, शुल्क, वेळ हे तपासले जाई. बारामतीत हे उत्तम चालत होते, कारण तिथे आसपास पन्नास अभ्यासिका नव्हत्याच. पेठांमध्ये मात्र एका गल्लीत चार-चार अभ्यासिका असल्याने पन्नासाचा कोटा अर्ध्या-पाऊण किलोमीटरमध्येच संपायचा, त्यांतल्या तीनच अटींत बसायच्या, आणि दीड किलोमीटरवरची चांगली अभ्यासिका कधीच विचारात घेतली जायची नाही. दाट वस्तीत निकाल कमी आणि विरळ वस्तीत बरोबर, असे दिसले की छाटणी अटींच्या आधी होते आहे असे समजावे. याची उलटी बाजूही एकदा पाहिली: आधी इतर अटींत बसणाऱ्या ताज्या दोनशे नोंदी आणायच्या आणि मग अंतर तपासायचे. तेव्हा पुण्याचे निकाल ठीक आले आणि बारामती रिकामी राहिली. लिमिट, म्हणजे किती नोंदी द्यायच्या ही मर्यादा, नेहमी सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्या अटी आणि क्रम लागल्यानंतर यावी.

पानांच्या संख्येचा घोळ थोडा निराळा आहे. मोजलेल्या अंतराला दिलेले टोपणनाव व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटींच्या भागात) वापरता येत नाही, कारण व्हेअर तपासला जाताना अंतराचा तो स्तंभ अजून तयारच झालेला नसतो. त्रुटी आली की बहुतेक जण अट हॅविंगमध्ये (स्तंभ तयार झाल्यावर तपासल्या जाणाऱ्या भागात) हलवतात, आणि मायएसक्यूएलमध्ये ते चालूनही जाते. पण एकूण निकाल मोजणारी क्वेरी वेगळी लिहिलेली असेल तर तिच्यात ही हॅविंगची अट नसते. मग खाली "१२ पाने" दिसतात आणि तिसऱ्या पानापासून काहीच नसते. फिल्टरच्या नावापुढे कंसात दिसणारे आकडेही असेच फसवतात: "मुलींसाठी (१४)" म्हणतात आणि दाबले की दोन निकाल येतात, कारण तो आकडा अंतर न धरता काढून कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवलेला असतो. अटी एकाच ठिकाणी तयार करून निकाल, एकूण संख्या आणि हे आकडे अशा तिन्ही क्वेरींना त्याच पुरवाव्यात.

एकच अभ्यासिका तीनदा दिसत असेल तर सुविधांचा तक्ता जॉइन केल्यामुळे (मुख्य तक्त्याला जोडल्यामुळे) प्रत्येक सुविधेमागे एक ओळ तयार होत आहे. तिथे एक्झिस्ट्स वापरावे, म्हणजे सुविधा आहे की नाही एवढेच तपासले जाते.

इतर साधनांविषयी थोडक्यात. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये जिओनिअर ही जवळच्या नोंदी शोधणारी पायरी ॲग्रिगेशनमध्ये (टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या क्वेरीत) पहिलीच असावी लागते, म्हणून इतर अटी तिच्या आतल्या क्वेरी या पर्यायात द्याव्यात. ४.२ च्या आधीच्या आवृत्त्यांत ती पायरी आपणहून फक्त शंभर नोंदी द्यायची, त्यामुळे पुढच्या पायरीत फिल्टर लावणाऱ्यांना वरचाच लिमिटचा आजार व्हायचा. इलास्टिकसर्चमध्ये अंतराची अट बूल क्वेरीच्या (अनेक अटी एकत्र करणाऱ्या क्वेरीच्या) फिल्टर भागात इतर अटींशेजारी ठेवावी. पोस्ट-फिल्टरमध्ये, म्हणजे आकडे मोजून झाल्यावर लागणाऱ्या फिल्टरमध्ये, ठेवली तर निकाल बरोबर येतात, पण बाजूचे आकडे अंतर न धरता मोजले जातात. सोलर या शोधयंत्रात अंतराची अट वेगळ्या एफक्यूत (फिल्टर क्वेरीत) देऊन तिची कॅश बंद ठेवावी, कारण प्रत्येक वापरकर्त्याचा बिंदू वेगळा असतो आणि कॅश पुन्हा कधीही न लागणाऱ्या नोंदींनी भरून जाते.

आता क्वेरी कशी आहे

पोस्टमेटावर सूत्र चालवणे मी सोडून दिले. अभ्यासिकेमागे एकच ओळ असलेला स्वतंत्र तक्ता आहे, त्यात अक्षांश, रेखांश, शुल्क हे खरे संख्यात्मक स्तंभ आहेत आणि नोंद साठवली की तो तक्ता अद्ययावत होतो. क्वेरी आधी शोधाच्या बिंदूभोवती एक चौकट आखते. चौकटीची उंची काढताना किलोमीटरला १११ ने भागले जाते आणि रुंदी काढताना १११ गुणिले अक्षांशाचा कोसाइन याने. हा कोसाइन विसरला तर चौकट पूर्व-पश्चिम अरुंद होते आणि काठावरच्या नोंदी सुटतात. पुण्यात हा फरक पाच टक्क्यांचा आहे, श्रीनगरला तो सतरा टक्क्यांच्या आसपास जातो. चौकटीमुळे इंडेक्सचा (नोंदी झटपट शोधून देणाऱ्या सूचीचा) उपयोग होतो आणि सूत्र काही मोजक्याच ओळींवर चालते. मग त्याच व्हेअरमध्ये इतर अटी कंसांसह, त्यापुढे नेमक्या अंतराची अट, मग अंतराप्रमाणे क्रम आणि शेवटी लिमिट. पोस्टजीआयएस वापरणाऱ्यांना चौकटीची गरज नाही, कारण एसटी-डीविदिन इंडेक्स स्वतः वापरते. "एसटी-डिस्टन्स त्रिज्येपेक्षा कमी" अशी अट मात्र इंडेक्स वापरत नाही, उत्तर बरोबर देते आणि संकेतस्थळ रडतखडत चालते.

एक तक्रार या कशानेही मिटत नाही. ही सगळी अंतरे सरळ रेषेतली आहेत. पेठांमध्ये त्याने फारसे बिघडत नाही, पण गेटवे ऑफ इंडियापासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ३१ किलोमीटर आणि रस्त्याने जवळपास तिप्पट भरते. त्यामुळे निकालापुढे आम्ही "सरळ रेषेत" असे दोन शब्द छापतो. आतापर्यंत तेवढे पुरले आहे.

तक्रार आली की आता मी वर्डप्रेसच्या क्वेरीतून प्रत्यक्ष तयार झालेले एसक्यूएल छापून घेतो आणि अटी एकेक करून जोडत प्रत्येक टप्प्यावर ओळी मोजतो. ज्या अटीवर संख्या अचानक वाढते तिथे कंस तपासायचा, कारण अँडने जोडलेल्या अटीने संख्या वाढूच शकत नाही. जिथे संख्या एकदम शून्यावर येते तिथे एकक आणि प्रकार तपासायचा. याशिवाय प्रत्येक बदलानंतर पाच ठरावीक अभ्यासिकांवर चाचणी चालते: सदाशिव पेठेतली दिसायलाच हवी अशी एक, नेमकी शोधाच्या बिंदूवरची एक, शुल्क नऊशे असलेली एक, कात्रजची एक, आणि लातूरची ती चोवीस तास उघडी असणारी अभ्यासिका, जी तीन किलोमीटरच्या निकालात दिसली की बदल तिथेच थांबतो.